खालून येणारा आवाज

अंबरपेठ, हैदराबाद
८ जानेवारी २०२५

चि. निशिगंधा,

तुझे दोन फोन आले आणि दोन्ही मी मधेच ठेवले. मनाला लावून घेऊ नको. फोनवरचं बोलणं माझ्या डोक्यात शिरत नाही, आणि इंजिनाचं बोलणं तर कागदावरच बरं. वाहेद मिस्त्रीला वाचून दाखवता येतं. तेव्हा तू मला पत्र लिहीत जा. जामबागच्या शाळेत तुझं अक्षर वर्गात पहिलं होतं, ते पुण्याला जाऊन बिघडलं की काय तेही बघता येईल.

कारण असं की बंडीचं इंजिन बसलं. आपल्या छोट्या ट्रकला गल्लीतले सगळे तेलुगूत बंडी म्हणतात, ते तुझ्या लक्षात असेल. एका बँकवाल्याचं घरसामान घेऊन जहीराबादला चाललो होतो. त्रिवेणी चालवत होती, मी बाजूला. चढ लागला की पाणी उकळायचं, हे गेल्या उन्हाळ्यापासून चालूच होतं. यावेळी निळा धूर इतका निघाला की मागचा बसवाला हातवारे करत पुढे गेला. शेवटी सामान दुसऱ्या गाडीत भरून दिलं आणि बंडी दोर बांधून घरी आणली.

आता जो तो म्हणतो विकून टाका. भंगारवाला न बोलवता येऊन टायर दाबून गेला. पण मला विकायची नाही. त्याचं कारण त्रिवेणी. निजामाबादचं सासर सोडून आली तेव्हा तुझी ही चुलत बहीण दिवसदिवस गच्चीवर बसून राहायची. कोणी हाक मारली तर दचकायची. मग एकदा ड्रायव्हर आला नाही, गिऱ्हाईक दारात उभं, तर तिनेच किल्ली उचलली. पुढे रीतसर लायसन काढलं. माझे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत म्हणून मी स्टिअरिंग सोडलं, तेव्हापासून तीच चालवते. तिचं जेवण सुधारलं, बोलणं सुधारलं. नवीन गाडी हप्त्यांशिवाय येत नाही आणि ते ओझं तिच्या मानेवर मला नको आहे. हीच गाडी अशी करून द्यायची की तिला आडरस्त्यात कधी उभं राहावं लागू नये.

तू चाकणला दिवसभर इंजिनंच तपासतेस. तेव्हा सांग, काय काय करू. ऑटोनगरातला एक गॅरेजवाला म्हणतो टर्बो बसवा, चढावर विमानासारखी जाईल. खरं का?

तुझ्या बाबाला, प्रमोदला, आशीर्वाद सांग. गुडघ्यांना तेल लावतो का विचार.

तुझा काका,
लक्ष्मणराव


पुणे
१९ जानेवारी २०२५

ती. काकांना निशिगंधाचा नमस्कार.

तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दादा पत्र लिहायला लागला म्हणजे काहीतरी बिनसलंय." मलाही तसंच वाटतंय. दसऱ्याला मी आले होते तेव्हा जेवताना म्हणाले होते की आता ती गाडी भंगारात द्या. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. उठलात, हात धुतलेत आणि आत गेलात. तेव्हापासून माझे फोन मधेच तुटतात. रागावला असाल तर तसं स्पष्ट लिहा. मी तेव्हा त्रिवेणीचा विचार केला नव्हता, नुसत्या गाडीचा केला होता.

आता इंजिन. टर्बो नको. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबायची आणि त्या जोरावर जास्त डिझेल जाळायचं. तुमच्या इंजिनाचे पिस्टन आणि क्रँक तेवढा मार सोसायला बनलेले नाहीत. थोडे दिवस मजा येईल, मग एखाद्या चढावर पिस्टनला भोक पडेल. शिवाय तुमच्या गाडीचं दुखणं ताकदीचं नाहीच, उष्णतेचं आहे. इंजिन पूर्ण उतरवून खोला. पिस्टनच्या नळ्यांचे नवे लायनर, नवे पिस्टन, क्रँक मोजून घ्यायचा आणि लागलंच तर घासून घ्यायचा, हेड सपाट करून घ्यायचं. एवढं मूळचं काम नीट झालं की वरची सुधारणा थोडीच: रेडिएटर जास्त जाड जाळीचा, तेल थंड करणारा एक छोटा कूलर, आणि जुन्या फिल्टरच्या जागी हल्लीचा, हाताने फिरवून बसतो तो.

आणखी एक, हे माझ्याकडून. तुमचा तेलाच्या दाबाचा काटा कैक वर्षांपूर्वी मेलाय, ते मला आठवतं. मी नवा पाठवते. त्याच्याबरोबर एक भोंगाही पाठवते. तेलाचा दाब पडला की केबिनमध्ये असा वाजेल की झोपलेला माणूस उठेल. तेल पोचलं नाही तर नवं इंजिन काही मिनिटांत संपतं, म्हणून.

त्रिवेणीला विचारलंत का, तिला गाडीत काय बदलून हवंय?

तुमची
निशिगंधा


अंबरपेठ
४ फेब्रुवारी २०२५

चि. निशिगंधा,

अक्षर तेच आहे. फक्त ओळी आता खाली उतरायला लागल्यात.

इंजिन उतरवलं. वाहेदच्या शेडमध्ये चेनपुलीवर ते लोंबकळताना बघून मला कसंसंच झालं. त्याच्या जोरावर आपलं सगळं घर चाललं, तुझी फी त्यातूनच गेली, आणि दिसायला केवढंसं. खोललं तर आत जे दिसलं त्याला आपणच कारण. वर्षानुवर्षं बोअरचं खारं पाणी रेडिएटरमध्ये ओतत आलो. पाण्याच्या सगळ्या वाटांमध्ये पांढरा थर, दगडासारखा. वाहेद स्क्रू-ड्रायव्हरने खरवडत म्हणला, "पानी जायेंगाच कैसा साब, रस्ते में पहाड़ बैठे वे हैं." तिसऱ्या लायनरला बोट फिरवलं तर नांगरल्यासारख्या रेघा. रिंगा पिस्टनलाच चिकटलेल्या. हेड वाकडं झालेलं. क्रँक मात्र चांगला निघाला, एकदा घासून घेतला की पुढचे लेकरंबाळं बघेल म्हणतो वाहेद.

टर्बो रद्द. तू सांगितलं तेच करतो. जाड रेडिएटर बनवायला टाकला आहे. इथून पुढे त्यात कंपनीचं हिरवं कूलंटचं पाणीच जाईल, असं तुझ्या काकूने समोर उभं राहून जाहीर केलं आहे. बोअरच्या पाण्याने डाळ शिजत नाही हे ती मला पहिल्यापासून सांगत आली.

त्रिवेणीला विचारलं. मला वाटलं पॉवर स्टिअरिंग मागेल. ती म्हणली, "बापू, सीट पुढे सरकत नाही. मी टोकावर बसून चालवते. इतक्या दिवसांत तुम्हाला दिसलं नाही का?" खरंच दिसलं नव्हतं. सीट माझ्या मापाची होती, ती अशीच असते असं मी धरून चाललो. आता खाली रुळ बसवून घेतोय. स्टिअरिंग पण हलकं होतंय का ते वाहेद बघतो.

भोंगा मात्र नको. भोंगा पाठवू नकोस. त्याच्या जागी लाल दिवा पाठव. मोठा, उन्हात पण दिसेल असा.

तुझा काका


पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

काटा आणि दिवा कुरिअरने पाठवलेत. भोंग्याला का नाही म्हणता ते मला कळलं नाही. रस्त्याकडे बघताना दिवा नजरेतून सुटू शकतो, आवाज सुटत नाही. पण गाडी तुमची आणि हट्टही तुमचा.

माझ्या दसऱ्याच्या बोलण्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. ठीक आहे. मी पुन्हा विचारणार नाही.

इंजिन जोडताना क्रँक ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या प्रत्येक शेलला तेल लावा, पहिल्यांदा चालू करण्याआधी नुसतं सेल्फवर फिरवून तेलाला वर चढू द्या. सुरुवातीला ओझं हलकं, वेग बेताचा. आणि दिवा जोडल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. एवढं एकच ऐका.

मार्चअखेर कामाची गर्दी आहे, पाडव्याला येणं जमणार नाही. इंजिन चालू होईल तेव्हा कसं वाटलं ते सविस्तर लिहा. दिवसभर मी इंजिनांच्या सोबत असते, पण काचेच्या पलीकडून. त्यांच्यावर कोणाचं पोट आहे ते मला कधी दिसत नाही.

तुमची
निशिगंधा


अंबरपेठ
२४ मार्च २०२५

निशीताई,

पत्र बघून चकित होशील. बापू तुला लिहितात म्हणून मीही लिहून बघते. शाळा सुटल्यापासून मराठीत एवढं लिहिलं नाही, चुका काढू नको. फोनच करणार होते. पण फोनवर मी रडले असते, आणि आपलं घर एवढंसं, आई घाबरली असती.

बंडी तयार झाली. चालू झाली तेव्हा वाहेदचाचांनी सगळ्या शेडला चहा दिला. धूर नाही, थरथर नाही. मी सीट पुढे घेऊन बसले तर पाय पहिल्यांदा नीट पोचले. तुझा काटा आणि दिवा लावायचे राहिले होते, वायर आणायला माणूस गेला होता. वाहेदचाचा म्हणाले, थांबो बेटा. बापूंना मात्र धीर नव्हता. म्हणाले, आपण एक चक्कर मारून येऊ, तोवर वायर येईल. मागे थोड्या वाळूच्या गोण्या टाकल्या आणि आम्ही उप्पलवरून घटकेसरपर्यंत गेलो. इतकी छान चालली ताई. मी गाणं म्हणत होते.

परत येताना नारपल्लीच्या अलीकडे चढ आहे ना, तिथे खालून आवाज यायला लागला. टक टक टक, जड असा, जसं कोणी आतून हातोडीने ठोकतंय. ॲक्सिलरेटर दाबला की वाढायचा. मी म्हटलं, बापू, ऐकताय का? ते समोर बघत होते. मी जोरात म्हटलं, खालून आवाज येतोय. तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, चल. नवीन इंजिन आहे, थोडं बोलणारच." मी म्हटलं हा तसला नाही, वेगळा आहे. तर म्हणाले, "काही आवाज नाही. तुझ्या मनात आहे."

ताई, हे वाक्य मी निजामाबादला चार वर्षं ऐकलं. माझ्यासमोर घडलेल्या गोष्टी घडल्याच नाहीत म्हणायचे, तुझ्या मनात आहे म्हणायचे. शेवटी शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आणि आता बापू. ज्यांनी सगळं आयुष्य या इंजिनावर काढलं ते म्हणतात आवाज नाही, म्हणजे नसेलच. म्हणून मी चालवत राहिले. थोडा वेळ. आवाज वाढतच होता. मग काय झालं माहीत नाही, माझी मीच ब्रेक दाबला, बाजूला घेतली आणि बंद केली. बापू म्हणाले चालू कर. मी किल्ली काढून मुठीत धरली आणि खाली उतरले.

गाडी ओढून आणली. आता वाहेदचाचा इंजिनाचा तळ उघडून बघणार आहेत. बापू म्हणतात उघडायची गरज नाही.

तू यातलं शिकली आहेस म्हणून विचारते. असा आवाज खरंच असतो का? का मलाच आला?

त्रिवेणी


पुणे
३० मार्च २०२५

ती. काका,

त्रिवेणीचं पत्र काल आलं. मी लगेच तिला फोन केला. वाहेद मिस्त्रींनी तळ उघडला हे तिच्याकडून कळलं. तेल ओढणाऱ्या पाइपचा बोल्ट सैल झाला होता, चढावर पंप तेलाऐवजी हवा ओढत होता. तिने पाठवलेले शेलचे फोटो मी इथे दोघा-तिघांना दाखवले. वरचा थर खरवडलाय, क्रँक वाचलाय. गाडी घरापर्यंत चालवली असतीत तर क्रँक गेला असता आणि मग सगळंच गेलं असतं. शेल नवे घाला, बोल्टला नवी वॉशर घाला, तेल बदला. इंजिनाचं एवढंच. त्यातून सुटलात.

आता दुसरं. तो आवाज कसा असतो ते मला पक्कं माहीत आहे. आमच्याकडे काचेच्या पलीकडून ऐकू येतो. रस्त्याने जाणारा स्कूटरवालासुद्धा वळून बघतो. तुम्ही त्याच्यावर बसला होतात. तुमच्यासारखा माणूस त्या आवाजाला "काही नाही" म्हणणार नाही. त्याला तो ऐकू आला असता तर.

काका, काल मी बसून सगळं आठवलं. फोन तुम्ही मधेच ठेवता. भोंगा नको, दिवा हवा. दसऱ्याला मी मागून हाक मारली तर तुम्ही चालत राहिलात, मला वाटलं रागाने. टीव्ही लावून बसायचात तो खालच्या अक्षरांच्या बातम्यांवर. गुडघ्यांमुळे स्टिअरिंग सोडलं म्हणता, आणि तेच गुडघे घेऊन गच्चीवर पाणी बघायला दिवसातून कितीदा चढता.

तुम्हाला ऐकू येत नाही. कधीपासून आणि का लपवलंत ते मी विचारत नाही. तो तुमचा प्रश्न आहे. पण त्रिवेणी अजून समजते आहे की दोष तिच्या कानात, नाहीतर तिच्या डोक्यात आहे. मी फोनवर तिला म्हटलं की आवाज होता, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "बापू तर नाही म्हणतात." माझ्या सांगण्याने तिचं समाधान होणार नाही, तुमच्याच होईल.

तिला आधी सांगा. मला उत्तर नाही लिहिलंत तरी चालेल.

निशिगंधा


अंबरपेठ
२१ एप्रिल २०२५

चि. निशिगंधा,

तुझं पत्र वाचून मी खिशात घातलं आणि बरेच दिवस तसाच हिंडलो. पहिल्यांदा तुझा रागच आला. मग वाटलं, हिने निदान सोपं तरी केलं. कुठून सुरुवात करायची हाच माझा प्रश्न होता.

वाहेदच्या शेडमध्ये त्रिवेणी इंजिनाचा तळ डिझेलने धूत बसली होती. मी ते खरवडलेले शेल हातात घेतले, तिच्या समोर स्टूल ओढून बसलो आणि म्हणलं, "आवाज आला होता ना तुला, तो याचा. तुझं बरोबर होतं. मला ऐकूच आला नाही. मला काहीच ऐकू येत नाही."

तिने ब्रश खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "मागून बोलते तेव्हा?"

"काही नाही."

"समोरून?"

"ओठ बघून अर्धं कळतं. बाकी अंदाज."

"मग त्या दिवशी मी काय म्हणले ते कळलं होतं का?"

"आवाज म्हणलीस एवढं कळलं. मला येत नव्हता. येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून नाहीच म्हणलो."

तिने माझ्या हातातला एक शेल घेऊन उलटसुलट करून बघितला. मग म्हणली, "म्हणजे आवाज होता." मी म्हणलं होता. ती पुन्हा म्हणली, "होता." आणि परत तळ धुवायला लागली. वाहेद तिकडे तोंड करून उगी पाने पुसत राहिला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिने झटकला नाही, पण वर पण बघितलं नाही. नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तसं बोलली असती तरी मला कुठं कळणार होतं.

निशू, मी काय भीत होतो ते तुला सांगतो. उजवा कान आधी गेला, मग हल्लू हल्लू डावा. मला वाटलं नस गेली. नस गेली म्हणजे संपलं. ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्याला कोण विचारतो? पोरगी पण म्हणेल, तुम्ही आता बाजूच्या सीटवर नको. म्हणून गुडघ्यांचं नाव केलं. माझ्या भीतीपायी मी तिला तेच वाक्य ऐकवलं जे ऐकून ती घर सोडून आली होती. ते वाक्य निजामाबादवाल्यांचं होतं हे मला ठाऊक नव्हतं. तिनेच परवा सांगितलं.

तुझ्या काकूला सगळं माहीत होतं. म्हणते, "मी तुमच्या मागे भांडी आपटून बघितली. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते." कमाल आहे बाईची.

तिसऱ्या दिवशी त्रिवेणीने मला स्कूटरवर बसवलं आणि कोठी भागातल्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात नेलं. रांगेत सकाळ गेली. डॉक्टरीणबाई तरुण, तेलुगू बोलणाऱ्या. मशीन लावलं, कानात बघितलं, आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. लहानपणी कान फुटायचे ना माझे, त्याने दोन्ही पडद्यांना भोकं पडलेली, ती वाढत गेली. नस शाबूत आहे. नस शाबूत आहे, हे त्यांनी दोनदा लिहिलं, कारण मी दोनदा विचारलं. आधी डाव्या कानाचा पडदा शिवतात, मग पुढे उजव्याचा. तोवर कानाला ऐकायचं मशीन.

खाली येऊन मी पायरीवर बसलो. त्रिवेणीला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती. इतके दिवस जे गेलं असं समजून बसलो होतो ते गेलंच नव्हतं, हे डोक्यात शिरायला वेळ लागत होता. ती शेजारी बसली. मग म्हणली, समोर तोंड करून, सावकाश, "आता मी काय बोलते ते सगळं ऐकावं लागेल."

एक राहिलं. दसऱ्याला तू भंगारात द्या म्हणलीस ते मला तेव्हा ऐकूच आलं नव्हतं. तुझ्या पत्रातून कळलं. तेव्हा आता रागावू का नको, ते कळव.

तुझा काका


पुणे
२ मे २०२५

ती. काका,

रागवा. हक्काने रागवा. मी सहा महिने ज्या गोष्टीसाठी झुरत होते ती तुम्हाला ऐकूच गेली नव्हती, यावर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसले आणि मग आत जाऊन थोडी रडले. तुमचं पत्र ऑफिसात नेलं नाही, घरीच उघडलं, ते बरं केलं.

मी फार कडक लिहिलं होतं. ते पाकीट पेटीत टाकून परत येताना वाटलं, परत मिळेल का. तुमचं उत्तर येईपर्यंत रोज दारातली टपालपेटी बघत होते.

ऑपरेशनला मी येते. सुट्टी टाकली आहे. नाही म्हणू नका, म्हणालात तर ऐकू आलं नाही म्हणेन.

नवे शेल बसले, दिवा लागला, काटा गरम इंजिनालाही नीट दाब दाखवतो, हे सगळं त्रिवेणीने कळवलं. तिने आपणहून भोंगाही मागवला आहे. तुमच्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

तुमची
निशिगंधा


अंबरपेठ
२२ जुलै २०२५

चि. निशिगंधा,

ऑपरेशन होऊन तू परत गेल्यावर पट्टी निघाली. पहिले थोडे दिवस कानात नुसती फडफड, मग हळूहळू माणसं यायला लागली. परवा तपासलं, पडदा धरलाय. डॉक्टरीणबाई उजव्या कानाचं थंडीत बघू म्हणाल्या. आता डाव्या बाजूने सगळं येतं. आपल्या गल्लीत इतके पोपट आहेत हे मी विसरलो होतो. तुझी काकू स्वतःशी बोलते, हेही विसरलो होतो. बहुतेक माझ्याविषयीच बोलते. मी मधेच उत्तर दिलं की दचकते. तिची एवढ्या वर्षांची मोकळीक गेली, त्याचं तिला थोडं वाईट वाटतंय असं दिसतं.

बंडीची आरटीओची फिटनेस तपासणी झाली. उन्हाळाभर हलकी कामं केली: नल्लकुंट्यातून विद्यानगर, विद्यानगरातून बरकतपुरा, अशी जवळजवळची. उन्हाच्या कडाक्यात पण उष्णतेचा काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. मी बाजूला बसायचो. आधी मशीन लावून, मग आपल्या कानाने इंजिन ऐकायचो. नवं जुळलेलं इंजिन एका लयीत चालतं ना, ते ऐकत ऐकत जाणं, काय सांगू तुला. पण त्रिवेणी गप्प गप्प असायची. मला वाटलं अजून राग मनात आहे.

काल पहिलं लांबचं काम आलं. नल्लकुंट्यातल्या देशपांडे नावाच्या घराचं सगळं सामान बिदरला न्यायचं. पुस्तकंच इतकी की हमाल वैतागले. मी सकाळीच डबा बांधून, टोपी घालून तयार. त्रिवेणी टायर बघून आली आणि म्हणली, "बापू, तुम्ही येऊ नका."

मी म्हणलं, का ग.

"तुम्ही बाजूला असलात की मी इंजिन ऐकत नाही. तुमच्या तोंडाकडे बघते. तुमचं तोंड शांत असलं की सगळं ठीक आहे असं धरते. बिदरपर्यंत मला माझ्या कानाने जायचं आहे."

खोटं सांगत नाही, लागलं मला ते. कान आले आणि जागा गेली, असं एक क्षण वाटलं. पण ती बोलली ते सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं, एक अक्षर सुटलं नव्हतं, आणि त्यात राग बिल्कुल नव्हता. मी डबा तिच्या हातात दिला. हमाल चढले. तिने सीट पुढे ओढली, आरसा फिरवला आणि गाडी काढली. वळणापर्यंत मला इंजिन ऐकू येत होतं. नंतर गल्लीच्या आवाजात मिसळून गेलं.

मग काय करायचं ते सुचेना. पेपर वाचला. वाहेदकडे जाऊन आलो, तो म्हणला, "आज अकेले कैसे साब?" मी म्हणलं, पोरगी बिदरला गेली. तो नुसता मान हलवून कामाला लागला. घरी येऊन जेवलो. पडलो. मला वाटलं होतं की दिवसभर फोनकडे बघत बसेन, संगारेड्डी आलं असेल, चढ लागला असेल, असं मोजत राहीन. तसं काही झालं नाही. मला झोप लागली.

गेल्या किती तरी वर्षांत मी दिवसा झोपलेलो नाही. बंडी रस्त्यावर असली की कधीच नाही. तुझ्या काकूने हलवून उठवलं तेव्हा उन्हं उतरली होती आणि चहा झाला होता. म्हणली, त्रिवेणीचा फोन येऊन गेला, सामान उतरवलं, जेवून निघते आहे. मी म्हणलं, मला उठवायचं नाही का? तर म्हणली, "तिनेच सांगितलं, झोपू दे त्यांना."

तुझा काका,
लक्ष्मणराव